वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत ५.१ स्पीकर, एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

मागच्या वर्षी जानेवारीत घरी होम थिएटर बसवलं, ५.१ चं, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, जाड आवाजाची म्हणजे बासची वेगळी पेटी. आत्ता मार्च चालू आहे, म्हणजे एक अख्खा पावसाळा, एक गणपती आणि एक मे महिना असं सगळं या सेटने काढलंय, आणि म्हणूनच आत्ता लिहितोय. घ्यायच्या आधी मी ढीगभर रिव्ह्यू वाचले होते पण ते सगळे बसवल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत लिहिलेले, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधले. आमच्याकडे जुलैत दारं फुगून बंद होत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, समुद्र घरापासून पाऊण किलोमीटरवर, तिथं स्पीकर घेताना काय बघायचं हे कुणी लिहिलेलं मिळेना. मग स्वतःच शिकत गेलो, थोडे पैसे वाया गेले, थोडं चांगल्या माणसांनी सांगितलं.

आधी जुन्या सेटबद्दल सांगतो कारण सगळं शिक्षण तिथूनच झालं. सहा वर्षांपूर्वी एक तयार डब्यातला सेट घेतला होता, पाच छोटे छोटे प्लॅस्टिकचे स्पीकर, एक सब आणि सगळं एकाच पेटीत. कंपनीचं नाव लिहित नाही, कारण तसा माल पुष्कळ जण विकतात. बॉक्सवर पीएमपीओ का काय तो हजारात आकडा लिहिलेला. हा पीएमपीओ आकडा बघून कुणीही काही घेऊ नका, तो क्षणभराच्या कसल्यातरी कमाल ताकदीचा आकडा असतो आणि त्याला कसलाच ठराविक नियम नाही, बघायचा तो आरएमएस, जी ताकद अँप, म्हणजे स्पीकरना वाजवणारं अँप्लिफायर, सलग देऊ शकतो. तर तो सेट पहिला पावसाळा कसाबसा गेला, दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या स्प्रिंगच्या क्लिपा गंजून घट्ट बसल्या, तिसऱ्या वर्षी सबच्या पेटीचा खालचा भाग फुगून बिस्किटासारखा भुगा व्हायला लागला, आणि शेवटी सबच्या कोनाभोवतीची, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या पडद्याभोवतीची, जी फोमची कड असते ती बोट लावलं तर चिकट होऊन हाताला यायला लागली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की फोमची कड दमट हवेत अशीच कुजते, रबराची कड असलेला स्पीकर घ्यायला पाहिजे होता. हे वाक्य मी तेव्हाच डायरीत लिहून ठेवलं.

खोली कशी आहे ते सांगतो, कारण माझ्या मते निम्मा निर्णय खोलीच करते. घराच्या मागच्या बाजूची खोली आहे, आधी तिथं भाताच्या कणग्या आणि सोललेले नारळ असायचे. १६ फूट लांब, १२ फूट रुंद. भिंती चिऱ्याच्या, आतून सिमेंटचं प्लास्टर, वर मंगलोरी कौलं. खाली लादी. आता चिऱ्याची भिंत आवाज बाहेर जाऊ न द्यायच्या बाबतीत झकास आहे, जाड आणि वजनदार असल्यामुळे बाजूच्या घराला भिंतीतून काही ऐकू जात नाही. पण आतल्या गुळगुळीत प्लास्टरवरून आणि लादीवरून आवाज आपटून परत येतो, रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर झण्ण असं ऐकू यायचं. आणि कौलांच्या फटींतून आवाज आरामात बाहेर जातो, आणि बाहेरचा पाऊस त्याच वाटेने आत येतो. हे तिन्ही मुद्दे स्पीकर घेताना कुठल्याच दुकानात कुणी विचारले नाहीत, एक सोडून.

त्या एका दुकानाबद्दल नंतर सांगतो, आधी बाकीचे. पहिल्यांदा मी गोव्यात एका मोठ्या शोरूमला गेलो. डेमो रूम काय सुंदर, खाली जाड गालिचा, भिंतींना कापडी पॅनेल, एसी चालू, काळोख. तिथं दहा हजाराचा स्पीकर पण छानच वाजणार आणि एक लाखाचा पण. विकणारा मुलगा नम्र होता पण त्याचं सगळं बोलणं आकड्यांचं, ५.१ जुनं झालं, ७.१.४ घ्या, सात सभोवती आणि चार वरती, अकरा स्पीकर. मी खोलीचं माप सांगितलं ते त्याने लिहूनसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्यांदा ऑनलाइन एक जोडी मागवली, बॉक्स आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुठ्ठा ओला, आतल्या पेटीच्या कोपऱ्याला फुगवटा. परत घेतला त्यांनी, पैसे पण आले, पण तीन आठवडे फोनाफोनी झाली. म्हणून सांगतो, लाकडी पेटीतले स्पीकर आपल्याकडे पावसाळ्यात मागवू नका, नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा.

तिसरं दुकान कुडाळच्या बाजारपेठेतलं. छोटं दुकान, पुढे मिक्सर आणि पंखे, मागे दोन कपाटं स्पीकरची. मालक साठीच्या आसपासचे, आधी सिनेमा थिएटरात मशीनवर काम केलेले. मी यादी घेऊन गेलो होतो, ती त्यांनी बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "आदी खोली बघुया, मगे काय ता ठरवया." आणि खरंच रविवारी मापाची टेप घेऊन घरी आले. खोलीत मधोमध उभे राहून टाळ्या वाजवल्या, सोफा कुठं येणार विचारलं, घरात कोण कोण आहे आणि कोण काय बघतं ते विचारलं, लाईटीचं व्होल्टेज रात्री किती येतं ते विचारलं. पुढच्या रविवारी तीन वेगवेगळ्या स्पीकरच्या जोड्या गाडीत घालून आणल्या आणि आमच्याच खोलीत लावून दाखवल्या. या सर्व्हिससाठी त्यांना द्यावे तेवढे मार्क कमीच आहेत, कारण शोरूममध्ये मला आवडलेला स्पीकर आमच्या खोलीत अजिबात चालला नाही. तो भोंग्यासारख्या ट्वीटरचा होता (ट्वीटर म्हणजे बारीक, तीक्ष्ण सूर वाजवणारा छोटा स्पीकर), हॉर्न म्हणतात त्याला, कमी वॉटमध्ये जोरात वाजतो आणि गालिचाच्या खोलीत लखलखीत वाटला होता, पण आमच्या प्लास्टरच्या भिंतींमध्ये झांज वाजली की कानात टोचायला लागलं. ती खोलीची चूक, स्पीकरची नाही. रेशमी डोमचा ट्वीटर असलेला जो होता तो तिथंच गोड वाजला.

ऐकण्यासाठी मी काय लावलं तेही सांगतो. सगळे सिनेमातले स्फोट लावतात, स्फोट कुठल्याही स्पीकरवर मोठाच वाटतो. मी आमच्या देवळातल्या जत्रेच्या दशावताराचं मी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग लावलं, त्यात मृदंग, झांज, पायपेटी आणि मोठ्याने म्हटलेले संवाद असं सगळं आहे, आणि तो आवाज मी समोर बसून लहानपणापासून ऐकलाय, त्यामुळे खोटं लगेच कळतं. मृदंगाची शाई लावलेली बाजू आणि कणीक लावलेली बाजू वेगळी ऐकू आली पाहिजे. पायपेटी नाकात बोलल्यासारखी वाटली तर तो स्पीकर नको. तुम्ही भजनाचं, ढोलाचं, स्वतःच्या माणसाच्या आवाजाचं काहीही घेऊन जा, पण जो आवाज तुम्ही प्रत्यक्ष ऐकलाय तोच घेऊन जा.

शेवटी घेतला तो सेट असा. पुढे पोल्कचे टी५० टॉवर, मध्ये टी३० सेंटर, बाजूला टी१५, सब दुसऱ्या कंपनीचा बारा इंची, आणि डेनॉनचा रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर जिथं जोडतात ती अँपची पेटी, ज्यात ऑडिसी आहे, माईकने खोली मोजून आवाज जुळवणारी सोय. सगळं मिळून, वायर आणि स्टॅबिलायझर धरून, सव्वा लाखाच्या आत बसलं. टी५० बद्दल एक गोष्ट मला घेतेवेळी माहीत नव्हती, समोरून तीन वूफर, म्हणजे जाड आवाजाचे मोठे गोल, दिसतात पण त्यातला एकच चालणारा, बाकी दोन पॅसिव्ह रेडिएटर आहेत, त्यांना वायर नसते, पेटीतल्या हवेच्या दाबाने ते हलतात. आमच्याकडे याचा एक फायदाच झाला, पेटीला उघडं भोक नाही. भोकाचं का महत्त्व ते पुढे येईल. टॉवर घेतले ते स्टँडचा खर्च नको आणि घरात पुतणे धावतात तर स्टँडवरचे स्पीकर पडतील म्हणून. नाहीतर खाली वेगळा सब असेल तर एवढ्या खोलीला पुढेही फळीवर मावणारे छोटे बुकशेल्फ स्पीकरच पुरतात, पैसे वाचतात, आणि ते पैसे सबमध्ये घालावेत असं मला आज वाटतं.

आता सेंटर, म्हणजे टीव्हीजवळचा मधला स्पीकर. माझं ठाम मत आहे की घरातल्या घरात सिनेमा बघणाऱ्याने सगळ्यात आधी सेंटर स्पीकर निवडायचा आणि मग त्याच सिरीजचे बाकीचे. सिनेमातले बहुतेक संवाद त्या एका स्पीकरमधून येतात, आणि नेमका तोच स्पीकर लोक सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात घेतात. आमच्याकडे आजी आहे, ८३ वर्षांची, कानाने कमी ऐकते. आधी टीव्हीचा आवाज ती एवढा वाढवायची की आम्ही बाहेर पडवीत जाऊन बसायचो, कारण टीव्हीच्या स्पीकरची तोंडं खाली आणि मागे, शब्द भिंतीवर आपटून गढूळ होऊन यायचे. सेंटर टीव्हीच्या खाली ठेवला आणि पुढच्या बाजूला दोन रबराचे तुकडे घालून त्याचं तोंड वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवलं. मालिका स्टीरिओतच येतात, पण रिसीव्हरमध्ये डॉल्बी सराउंड नावाचा मोड आहे तो लावला की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे बोलणं, सेंटरला जातं. वर सेंटरची पातळी तीन डेसिबलने वाढवली. आजी पहिल्या दिवशी म्हणाली, "आता माका समाजता तो काय बोलता ता." टीव्हीचा एकूण आवाज आता पूर्वीपेक्षा कमी असतो. मला विचाराल तर सव्वा लाखातले निम्मे पैसे तिथंच वसूल झाले.

सराउंड, म्हणजे बाजूचे-मागचे दोन स्पीकर, कुठे लावायचे यावर दुकानवाल्या काकांनी मला पाठच करून घेतलं. ५.१ मध्ये मागचे स्पीकर खरं तर मागे नसतात, बाजूला आणि थोडे मागे असतात, समोर बघत बसलं तर साधारण ११० ते १२० अंशावर, कानापेक्षा फूट-दीड फूट वर. बरेच जण ते मागच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात छताला टेकवून लावतात, मीही तिथंच खिळे मारणार होतो. पुढचे दोन २२ ते ३० अंशाच्या मध्ये. आमचे टॉवर एकमेकांपासून आठ फुटांवर आहेत, भिंतीपासून दीड फूट पुढे, आणि कान समोरच्या भिंतीपासून साडेदहा फुटांवर, म्हणजे ते पंचवीस अंशाच्या जवळपास येतं. सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका एवढं तरी करा. आमच्या मागे साडेपाच फूट मोकळी जागा राहिली तेव्हा आई म्हणाली जागा फुकट गेली, पण मागून येणारा आवाज मागून येतोय असं वाटायला मागे जागा लागतेच.

अॅटमॉसबद्दल, म्हणजे डॉल्बीचं डोक्यावरूनही आवाज आणणारं तंत्र. २०१२ साली सिनेमागृहात आलं आणि आता घरोघरी त्याचीच जाहिरात आहे. वरच्या बाजूने आवाज यावा म्हणून स्पीकरवर ठेवायचे असे वरती तोंड केलेले स्पीकर मिळतात, ते आवाज छतावर मारतात आणि तो परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. आता हे चालायला छत सपाट आणि कडक लागतं, आणि फार उंच नको, डॉल्बीच्याच सांगण्याप्रमाणे साडेसात ते बारा फूट चांगलं, चौदाच्या वर नको. कौलारू घरात छत उतरतं, खाली रिपा-वासे, फटी. आवाज कुठं जाईल कुठं नाही. काकांनी हे पैसे मला खर्चू दिले नाहीत, म्हणाले स्लॅब घालशील तेव्हा बघू. ज्यांच्याकडे स्लॅबची खोली आहे त्यांनी जरूर विचार करा, पण कौलारूवाल्यांनी त्या स्पीकरच्या नादी लागू नये. सात चॅनेलचंही तसंच, बारा फूट रुंद खोलीत सोफ्यामागे पुरेशी जागा नसेल तर मागचे दोन जास्तीचे स्पीकर कानामागे येऊन बसतात.

सबवूफरने मात्र मला महिनाभर छळलं. कोपऱ्यात ठेवला, बदाबदा आवाज. एकाच सुराला सगळी खोली घुमायची, मृदंगाचा प्रत्येक ठोका सारखाच. नंतर समजलं की हे खोलीच्या मापाचं गणित आहे. आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो, १६ फुटांच्या दुप्पट म्हणजे ३२ फुटांची लाट ज्या सुराची, तो सूर आमच्या लांबीत अडकतो, तो येतो साधारण ३५ हर्ट्झला. रुंदी १२ फूट, तिचा ४७ च्या आसपास. त्या सुरांना भिंतीजवळ आवाज फुगतो आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर तो जवळजवळ गायब होतो. म्हणजे एकाच खोलीत एक माणूस म्हणतो बास फार आहे आणि दुसरा म्हणतो बासच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून खोलीच्या मधोमध बसू नये आणि भिंतीला टेकून पण बसू नये.

यावर उपाय सोपा आहे, करताना बघणारे हसतात पण करा. सब उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा, एखादं जाड बास असलेलं गाणं लावायचं, आणि आपण गुडघ्यावर रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथं बास एकसारखा, स्वच्छ ऐकू येतो, तिथं सबची जागा. आमची जागा निघाली पुढच्या भिंतीला, उजव्या टॉवर आणि टीव्हीच्या मध्ये, कोपऱ्यापासून चार फुटांवर. तेवढ्याने निम्मं काम झालं. मग रिसीव्हरचा माईक लावून ऑडिसी चालवलं, सोफ्याच्या वेगवेगळ्या जागांवर माईक ठेवत. ते झाल्यावर एक गोष्ट नक्की तपासा, आमच्या रिसीव्हरने टॉवर बघून त्यांना 'लार्ज' करून टाकलं होतं, म्हणजे सगळा बास त्यांच्याकडेच. ते हाताने 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवला, म्हणजे त्याच्या खालचं सगळं सबकडे. त्या दिवशी मृदंग पहिल्यांदा मृदंगासारखा वाजला, आणि मी तेच रेकॉर्डिंग तीनदा लावलं.

खोलीच्या घुमण्यावर लोक महागडे पॅनेल लावतात. आम्ही काथ्या लावला. सिंधुदुर्गात काथ्याची कामं होतात, जाड पॅड मिळतात, दोन इंची घेतले, लाकडी चौकटीत बसवले आणि भिंतीपासून दोन बोटं पुढे टांगले, मागून हवा खेळली पाहिजे नाहीतर भिंतीचा ओलावा धरतात. कुठे लावायचे ते आरशाने ठरवलं, एकाने भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, सोफ्यावर बसलेल्याला ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो तिथं पॅड. गोधड्या पण लावून बघितल्या होत्या, आवाजाला चांगल्या, पण ऑगस्टपर्यंत त्यांना कुबट वास यायला लागला. काथ्याला काही झालं नाही, तो मुळात खाऱ्या पाण्यात कुजवूनच काढलेला. जाड बासला याचा फार उपयोग नाही, पण झांजेचं टोचणं आणि बोलण्यातला घुमारा गेला.

वायर. हा भाग आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांनी दोनदा वाचा. बाजारात स्वस्त स्पीकर वायर मिळते ती बरीचशी अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, सीसीए लिहिलेलं असतं. ती नको. पण चोख तांब्याची वायर घेऊनही आमच्याकडे सहा महिन्यांत टोकं हिरवी व्हायला लागतात. पितळी टोपाची कल्हई उडाली की आमटी कळकते ना, तसाच तो कळंक. मी हे वेंगुर्ला बंदरावर एका लाँचवर वायरिंग करणाऱ्या ओळखीच्या मुलाला सहज बोललो तर तो म्हणाला की बोटीत आम्ही साधी तांब्याची वायर घालतच नाही, कल्हई केलेल्या तांब्याची घालतो, प्रत्येक तारेवर टिनचा थर असतो. त्याच्याकडूनच घेतली, दीड एमएमची, थोडी महाग पडली. टोकांना बनाना पिन घट्ट बसवल्या, वर श्रिंक ट्यूब. चौदा महिन्यांनी परवा एक उघडून बघितली, चकचकीत. सगळ्या खरेदीत इतक्या कमी पैशात इतका फायदा दुसऱ्या कशाने झाला नाही.

बाकी दमटपणासाठी काय काय केलं ते एका दमात सांगतो, स्पीकर जमिनीवर थेट न ठेवता खाली ग्रॅनाईटचे तुकडे आणि रबर, भिंतीपासून लांब, पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा तरी तास-दोन तास सेट चालवायचाच, म्हणजे आतली ऊब ओल धरू देत नाही, रिसीव्हरच्या कपाटाला मागे पूर्ण उघडं, कारण तो तापतो आणि कोंडला तर बंद पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये चाकरमानी चुलतभाऊ आला तो म्हणाला घरात कोणी नसेल तेव्हा कपाटात छोटा बल्ब पेटता ठेव, त्याच्या आईच्या साड्यांच्या कपाटात असतो तसा, ते पण करतो. स्पीकर निवडताना कोन कागदी असेल तर मला तरी भीती वाटते, प्लॅस्टिक किंवा मिश्र मटेरियलचा कोन आणि रबराची कड बरी.

आणि भोकाचं. सबला मागे गोल भोक आहे, हवेसाठी. मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोल्हापूरला गेलो होतो, परत आलो तर सब चालू केल्यावर आतून खरखर. टॉर्च मारून बघितलं तर कुंभारीण माशीने भोकाच्या आत मातीचं घर बांधायला घेतलेलं, ओल्या चिखलाचे दोन बोटांएवढे नळे. चमच्याने अलगद काढलं, कोनाला काही झालं नव्हतं हे नशीब. तेव्हापासून वापर नसेल तेव्हा भोकात स्पंजचा गोळा असतो. कोकणात भोकवाला सब किंवा स्पीकर घेणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करा, पाली पण जातात. बंद पेटीचा सब मिळत असेल आणि खोली लहान असेल तर मी म्हणेन तोच घ्या, खालचा थरार थोडा कमी असेल पण ठोका नेमका असतो.

लाईट. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं आणि वळवाच्या पावसात एकदम उसळी मारतं. स्टॅबिलायझर घेतलाच पाहिजे. पण विजेचा खरा धोका डिशच्या केबलमधून असतो, प्लग काढला तरी छपरावरून केबल येतेच. शेजारच्या घरात मे महिन्यात असंच टीव्हीचं एचडीएमआय गेलं. ढग गडगडले की मी प्लग, डिशची केबल दोन्ही काढतो, उठून जायचा कंटाळा न करता. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालतो, जांभ्याची जमीन सुकली की अर्थिंग नावालाच राहतं.

एक सेटिंग सांगून ठेवतो कारण त्यापायी माझे दोन आठवडे फुकट गेले. टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरला एचडीएमआयच्या एआरसी सॉकेटमधून जातो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल तर आमच्या टीव्हीतून नुसता स्टीरिओ जात होता, मागचे स्पीकर मुके. ते बदलून 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' केलं की रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी लिहून येतं. ऑप्टिकल वायर लावाल तर साधं डॉल्बी डिजिटल जातं, ओटीटीवाल्यांचं जे डॉल्बी डिजिटल प्लस असतं ते जात नाही, म्हणून शक्यतो एचडीएमआयच वापरा. ब्लू-रे वगैरे टीव्हीमार्फत चालवणार असाल तर ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, असलेला टीव्ही बघा, नसेल तर प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडला की प्रश्न मिटला.

काय आवडलं नाही तेही सांगायला हवं. पावसाचा काही इलाज झाला नाही. जुलैत धो धो लागला की कौलांवरचा आवाज फोनमधल्या ॲपवर ६५ डेसिबलच्या वर दाखवतो, मग संवाद ऐकायला आवाज इतका वाढवावा लागतो की मधेच मारामारी आली की दचकायला होतं. रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी मोठा-लहान आवाज जवळ आणणारा एक मोड आहे तो लावतो, पण मजा कमी होते. कौलांखाली मरीन प्लायचं सपाट छत घालायचा विचार आहे, वर काथ्याचा थर, सुतार गणपतीच्या आधी येतो म्हणालाय. आणि दुसरं, सोफ्याच्या डाव्या टोकाला बसणाऱ्याला बास अजून कमी मिळतो, तिथं नेहमी बाबा बसतात आणि ते दरवेळी सांगतात. त्याला उपाय म्हणजे समोरासमोरच्या भिंतींना दोन सब, एकाचा खड्डा दुसरा भरतो. काजूचा सीझन संपला की काकांकडे जाऊन दुसरा घेणार आहे, यावेळी बंद पेटीचा, त्यांनी तो ऐकायला म्हणून घरी आणायचं आधीच कबूल केलंय.